दुधाचे नाते : आपल्या परिसरातील सस्तन प्राणी



पेडणे तालुक्यातील मोरजीच्या किनाऱ्यावर थंडीच्या दिवसांत समुद्रकासवाची मादी रात्री वाळूत येते. खड्डा करून सुमारे शंभर अंडी घालते, ती झाकते आणि पुन्हा समुद्रात निघून जाते. आपली पिल्ले तिच्या दृष्टीसही पडत नाहीत. त्याच समुद्रात डॉल्फिनची मादी एका वेळी एकाच पिल्लाला जन्म देते आणि वर्षाहून अधिक काळ त्याला अंगावर पाजते. घर एकच, परंतु एक सरीसृप आणि दुसरी सस्तन. हा भेद कशाने ठरतो आणि तो जाणल्याने आपल्या वागण्यात काय फरक पडावा, याचा येथे थोडक्यात विचार करावयाचा आहे.

स्वीडिश शास्त्रज्ञ कार्ल लिनियस याने प्रारंभी या प्राण्यांना 'चतुष्पाद' म्हटले होते. परंतु पाय चार असणे हे काही पुरेसे लक्षण नव्हे. बेडूक आणि पाल यांनाही चारच पाय असतात. म्हणून १७५८ साली आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत त्याने 'मॅमेलिया' हे नाव योजिले. लॅटिन 'मम्मा' म्हणजे स्तन. आपला 'सस्तन' हा शब्दही त्याच अर्थाचा आहे. या एका निकषाने देवमासा माशांच्या पंक्तीतून उठून योग्य जागी आला. मात्र लिनियसचीही एक चूक झाली. वटवाघळाला त्याने माणूस आणि माकड यांच्याच गणात बसविले.

सस्तन प्राण्याची मुख्य लक्षणे चार सांगता येतील. मादीच्या दुग्धग्रंथी हे पहिले. अंगावरील केस हे दुसरे. खालच्या जबड्याची प्रत्येक बाजू एकाच हाडाची असणे हे तिसरे. मध्यकर्णात हातोडी, ऐरण व रिकीब ही तीन हाडे असणे हे चौथे. शेवटच्या दोन लक्षणांचा परस्परसंबंध विलक्षण आहे. सरीसृपांच्या जबड्याच्या सांध्यात जी हाडे असतात, त्यांचेच रूपांतर होऊन सस्तनांच्या कानातील हातोडी आणि ऐरण घडली आहे. उष्ण रक्त आणि चार कप्प्यांचे हृदय पक्ष्यांनाही असते. म्हणून तेवढ्यावरून सस्तन ओळखता येत नाही.

या कसोट्या आपल्या परिसरातील तीन प्राण्यांना लावून पाहू. वटवाघूळ उडते, पण त्याला पिसे नाहीत. त्याचा पंख म्हणजे लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेली कातडी होय. आणि ते पिल्लाला दूध पाजते. खवले मांजराच्या अंगावर खवले दिसतात, परंतु ते सापासारखे नसून आपली नखे व केस ज्या द्रव्याचे असतात त्याच केराटिनाचे असतात. त्याला दात मुळीच नाहीत. लांब जिभेने ते मुंग्या आणि वाळवी टिपते. आधुनिक जनुकीय अभ्यासानुसार मांसाहारी गण हा त्याचा सर्वांत जवळचा आप्तवर्ग ठरला आहे. तेव्हा 'मांजर' हे लोकांनी दिलेले नाव अगदीच निराधार नाही. डॉल्फिनच्या तुळतुळीत अंगावरही जन्माच्या वेळी मुस्कटाजवळ थोडे केस असतात. त्याचे नाते माशांशी नसून पाणघोडा व गवा या खूरधारी प्राण्यांशी आहे.

जगात आज सस्तनांच्या साडेसहा हजार जाती ज्ञात आहेत. अंडी घालणाऱ्या सस्तनांच्या अवघ्या पाच जाती ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनी येथे उरल्या आहेत. कांगारूसारखे पिशवीधारी दुसऱ्या गटात येतात. बाकीचे सर्व, म्हणजे वारेतून गर्भाचे पोषण करणारे, तिसऱ्या गटात. भारतातील सर्व सस्तन याच गटातले. त्यांत उंदीर, शेकरू, साळिंदर यांचा कृंतक गण सर्वांत मोठा असून त्याखालोखाल चौदाशेहून अधिक जातींची वटवाघळे येतात. आपल्या डिचोलीवरून वाहणारी मांडवी, म्हणजेच म्हादई, सीमेपलीकडच्या ज्या भीमगडच्या रानातून येते, तेथील बारापेडे गुहांतील एका मोठ्या कानांच्या वटवाघळाचे शास्त्रीय वर्णन १९१३ साली झाले. पुढे कित्येक दशके ही जात जगात अन्यत्र कोठेही ठाऊक नव्हती.

आता मूळ मुद्द्याकडे वळू. कासव शंभर अंडी घालून काही पिल्ले तरी जगतील, अशी बेगमी करते. सस्तन माता थोडीच पिल्ले देते आणि आपला सारा जीव त्यांवर लावते. गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. त्याच्या मादीला बहुधा एकच वासरू होते. खवले मांजराचे एकुलते पिल्लू आईच्या शेपटीला बिलगून फिरते. तिलारीच्या बाजूने आपल्या सीमाभागात उतरणाऱ्या हत्तींमध्ये मादी सुमारे २२ महिने गर्भ वाहते. अशा वंशात एक माता मेली की तिच्यासोबत तिच्यावर विसंबलेली पिल्लेही जातात, आणि ती पोकळी भरून यावयास वर्षे लागतात. जानेवारी २०२० मध्ये सत्तरी तालुक्यातील गोळावली येथे एक वाघीण व तिचे तीन बछडे विषबाधेने मृत्यू पावले, तेव्हा एक संपूर्ण कुटुंबच नाहीसे झाले.

माणसाचे नुकसान खोटे नाही. गुरे मारली गेलेल्या धनगराचे किंवा केळी-माड उद्ध्वस्त झालेल्या बागायतदाराचे दुःख वेळेवर मिळणाऱ्या भरपाईनेच हलके होईल. नुसत्या उपदेशाने नव्हे. परंतु 'उपद्रवी' हा शिक्का मारताना सावध राहावे. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फलाहारी वटवाघळांना उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत घातले होते. वास्तविक ती रानात बिया पसरवितात आणि फुलांचे परागीभवन करतात. २०२२च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच वगळण्यात आली. कायद्याला आपले वर्गीकरण सुधारावयास पन्नास वर्षे लागली.

वर्गीकरण म्हणजे केवळ नावांची यादी नव्हे. कोण कोणाचा आप्त, हे त्यातून कळते. गव्हाणीतली गाय, रानातला गवा, पिंपळावर लटकलेले वटवाघूळ आणि आपण स्वतः, या सर्वांच्या आयुष्याचा पहिला घास एकच आहे. तो म्हणजे आईचे दूध.