ऑफिसच्या ब्राउझरमध्ये धोक्याची सूचना आली तर काय करायचं?

सकाळी ऑफिसमध्ये हजेरीची साईट उघडली की समोर लाल त्रिकोण येतो: 'युवर कनेक्शन इज नॉट प्रायव्हेट'. शेजारचा सहकारी म्हणतो, "अरे, ॲडव्हान्स्डवर जा आणि प्रोसीड दाब. रोजचंच आहे!" खरा धोका या 'रोजचंच आहे' मध्येच आहे.

सूचना येते कशी?

सुरक्षित साईट उघडताना ब्राउझर तिचं डिजिटल प्रमाणपत्र तपासतो. ते विश्वासू संस्थेने दिलंय का, मुदत संपलीय का, नाव जुळतंय का, हे तो बघतो. ऑफिसच्या अंतर्गत साईटवर बरेचदा कंपनीने स्वतःच तयार केलेलं प्रमाणपत्र असतं. ब्राउझर ते ओळखत नाही, म्हणून साईट खरी असली तरी अडवतो.

मग बिघडतं कुठे?

रोज खोटी घंटा वाजली की खरी वाजल्यावरही आपण लक्ष देत नाही. उद्या खरोखरच कोणी बनावट साईट समोर आणली, तर बोट सवयीने 'प्रोसीड'वरच जाईल.

उपाय आयटी विभागाकडे आहे

क्रोमच्या तीन ठिपक्यांच्या मेन्यूत खाली 'मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन' दिसतं का? म्हणजे ब्राउझरचे नियम कंपनी ठरवते. विंडोजच्या नेटवर्कवर 'ग्रुप पॉलिसी' वापरून एका जागेवरून शेकडो कॉम्प्युटरना हे नियम पाठवता येतात. फायरफॉक्समध्येही २०१८ पासून, म्हणजे ६० व्या आवृत्तीपासून, ही सोय आहे.

याच मार्गाने कंपनीचं मूळ प्रमाणपत्र सगळ्या कॉम्प्युटरवर बसवता येतं. मग अंतर्गत साईटवरची खोटी सूचना थांबते. त्यानंतर क्रोममधला 'प्रोसीड'चा पर्यायही बंद करता येतो. आता सूचना आली, तर ती गंभीरच समजायची.

तुम्ही काय कराल?

• सूचना आली तर पुढे जाऊ नका. स्क्रीनशॉट काढून आयटीला पाठवा.
• एखादं वेबपेज 'ब्राउझर अपडेट करा' म्हणत फाईल देत असेल, तर ती उघडू नका. खरं अपडेट ब्राउझर स्वतः घेतो किंवा आयटी पाठवतं.
• घरच्या कॉम्प्युटरवर 'मॅनेज्ड' दिसलं, तर कारण शोधा. कधी ते अँटिव्हायरसमुळे असतं, कधी घुसखोर सॉफ्टवेअरमुळे.

आणि हो, शेजारच्या सहकाऱ्यालाही हे नक्की सांगा!