उंच गाडीची पायरी

आजचा विषय ऐकून तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, पायरीवर बोलण्यासारखे काय आहे? मलाही तसेच वाटत होते. पण २०२२ च्या उन्हाळ्यात मी आईला घेऊन अमेरिकेत कोलोरॅडो राज्यात धाकट्या भावाकडे गेलो. विमानतळाबाहेर त्याची गाडी पाहून आई जी उभी राहिली ती उभीच. "अरे, ही गाडी की माळा? शिडी कुठाय?" तिचे वय ७४, नेसण सहावारी, गुडघे दुखरे. शेवटी आम्ही दोघांनी तिला दंडाला धरून अक्षरशः वर चढवले. घरी पोचल्यावर तिने सांगून टाकले, "मी आता कुठे यायची नाही." मुक्काम तर दोन महिन्यांचा होता.

भावाची गाडी म्हणजे पिकअप ट्रक. पुढे माणसांची केबिन, मागे सामानाचा उघडा हौदा. आपल्याकडे भाजी बाजारात नेतात त्याच जातीची, पण अंगाने थोराड. फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी मोटारीला असा हौदा बसवून ती विकायला काढली, तेव्हा तिच्या दोन्ही अंगांना चढण्यासाठी लांब फळी होती. पुढे मोटारी रुंद झाल्या आणि फळी गेली.

डोंगरातल्या खडकाळ वाटांवर गाडीचे पोट घासू नये म्हणून तिकडचे हौशी लोक ती मुद्दाम उंच करून घेतात. भावाने स्प्रिंगांच्या भागात ६ इंच वाढवले होते आणि ३१ इंच व्यासाचे टायर काढून ३५ इंचांचे घातले होते. शिक्षकमित्रांनी हे गणित वर्गात जरूर घालावे. टायर ४ इंचांनी मोठा झाला, तर गाडी किती वर जाईल? पोरे ४ म्हणतील. उत्तर २ आहे, कारण आस चाकाच्या मध्यावर असतो. सहा आणि दोन मिळून ८ इंच, म्हणजे सुमारे २० सेंटीमीटर. दाराचा उंबरा ५८ सेंटीमीटरवर होता, तो ७८ वर गेला. घरच्या जिन्याची पायरी १५ ते १८ सेंटीमीटरची असते. म्हणजे आईने एका ढांगेत चार पायऱ्या चढायच्या, तेही साडी सांभाळून!

पायरी हवी हे ठरले. पण कायमची लावली तर खडकावर सगळ्यांत आधी तीच आपटणार आणि गाडी उंच केल्याचा उपयोग काय? म्हणून काढता-घालता येणारी हवी.

भावाने घाईघाईत तयार पायऱ्या आणून दाराखालच्या पत्र्याला बसवल्या. मी पदार्थविज्ञान शिकवतो, पण माझ्याही ध्यानात आले नाही, हे कबूल करतो. तो स्वतः वर उभा राहिला आणि पत्रा वाकला. बरे झाले, आई नव्हती. नंतर कागद घेतला. माणूस ९० किलोचा, बोल्टांपासून २५ सेंटीमीटर बाहेर उभा. वरच्या आणि खालच्या बोल्टांत अंतर १० सेंटीमीटर. तर वरच्या बोल्टावर ओढ येते २२५ किलोची! धाडकन पाय टाकला तर ती दुप्पट आणि त्याहूनही अधिक. पहारीने धोंडा हलवतो तोच हा नियम, फक्त धोंड्याच्या जागी बोल्ट. हा भार पत्र्याचा नव्हे, चासीचा. तिथेही नवी भोके पाडू नयेत, वेल्डिंग करू नये. कंपनीने ठेवलेली भोके वापरावीत, आणि आतून जाणाऱ्या ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या आधी पाहाव्यात.

भावाची चासीच वर गेल्यामुळे ब्रॅकेट खाली उतरते करावे लागले. लोंबणारी वस्तू पुढे-मागे डोलते, तेव्हा तिला तिरका आधार दिला. जोड अगदी साधा. चासीला चौकोनी पोकळ नळी पक्की, तिच्यात पायरीची नळी सरकवायची, आरपार पिन घालायची, पिनेला क्लिप. बैलगाडीच्या चाकाची खीळ आठवा! नळी ढिली असली तर खडखडते आणि भोक मोठे होत जाते, म्हणून बाजूने एक बोल्ट आवळायचा. तिकडे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ग्रीस न लावल्यास नळ्या गंजून एकमेकींत अडकतात.

पायरी जमिनीपासून ४० सेंटीमीटरवर आली. गोल नळीवर ओला पाय घसरतो, म्हणून रुंद, खरखरीत पट्टी घेतली. उतरताना मात्र गाडीकडे तोंड करूनच उतरावे, एक हात धरलेला असावा. विहिरीत उतरताना आपण पाठ करून उतरतो का? ट्रॅक्टरवरून मात्र पोरे खुशाल उडी टाकतात.

आपल्याकडे कोणी गाडी उंच करायला निघू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाने गाडीच्या मूळ रचनेत असे फेरफार करायला मनाई आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली तेच बजावले. साधी पायरी लावायची तरी आधी आर.टी.ओ.त विचारावे.

पायऱ्या लागल्यावर आईने पहिला पाय ठेवला, दाबून पाहिला, आणि आम्हांला म्हणाली, "आता दंड सोडा." पुढे आम्ही डोंगरात निघालो की पायऱ्या हौद्यात पडत, आणि चारही पिना आईच्या बटव्यात. त्या ती दुसऱ्या कुणाला सांभाळायला देत नसे.