पाळीखालची वस्ती

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातल्या बायामाणसांनी डोक्यावर टोपल्या वाहून पाझर तलाव उभे केले. रोजगार हमीने त्यांत पुढे भर घातली. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड, सिल्लोड, फुलंब्रीकडे अशा मातीच्या पाळी जागोजागी दिसतात. बऱ्याच आता पन्नाशीच्या आसपास आहेत. नाथसागर जलाशय किती टक्के भरला याची बातमी रोज छापून येते. या लहान तलावांची पावसाळ्याआधी पाहणी झाली का, हे मात्र कुणी विचारत नाही.

मातीचं धरण मुख्यतः दोन रीतींनी जातं. सांडवा अपुरा पडला किंवा गाळाझुडपांनी तुंबला, तर पाणी माथ्यावरून वाहतं आणि भराव खरवडून नेतं. दुसरी रीत आतली. पाणी भरावातून वाट शोधतं आणि जाताना मातीचे कण सोबत नेतं. कुठल्याही मातीच्या धरणातून थोडं पाणी झिरपतंच. ते नितळ असेल तर फारशी काळजी नाही. पाझर गढूळ झाला की धरण आतून पोखरतंय, हे ओळखावं.

आपल्याकडे एक अडचण जास्तीची. पाणी अडवायला गाभ्यात काळी माती घालतात. ही माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. मराठवाड्यातले लहान तलाव उन्हाळ्यात कोरडे पडतात. मग परतीच्या पावसात दोन दिवसांत तुडुंब भरतात. वाळलेल्या भरावावर असा एकदम भार येतो. घुशींची बिळं, वेड्या बाभळीची मुळं, पाणी सोडायच्या विमोचकाच्या जुन्या नळाभोवतीची पोकळी, या सगळ्या वाटा पाण्याला तेव्हाच सापडतात.

आता वर्गवारीकडे येऊ. नाशिकची धरण सुरक्षितता संघटना पाहणीत आढळलेल्या दोषांवरून धरणांचे तीन वर्ग करते: धरणच धोक्यात येईल असे गंभीर दोष, तातडीने दुरुस्त करायचे दोष आणि किरकोळ दोष. ही झाली प्रकृतीची तपासणी. धरण फुटलंच तर खाली कोण सापडेल, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याची वर्गवारीही वेगळी. पाळ ठणठणीत असली तरी खाली शाळा असेल तर धोका मोठाच. या दोन गोष्टींची गल्लत सर्रास होते.

२०२१ चा धरण सुरक्षा कायदा पंधरा मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. दहा ते पंधरा मीटर उंचीच्या धरणांना लांबी, साठा वगैरे अटींवर. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, आपत्कालीन आराखडा, हे सगळं त्यांना बंधनकारक आहे. दहा मीटरच्या आतला तलाव या कायद्याबाहेर राहतो.

भारतीय मानकानुसार लहान धरणाचा सांडवा शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुरासाठी आखतात. ऐकायला हे भरपूर वाटतं. पण असा पूर पन्नास वर्षांत एकदा तरी येण्याची शक्यता जवळपास ४० टक्के असते. खाली वस्ती असेल तर मोठा पूर धरावा, असं तेच मानक सांगतं. मात्र आराखडा झाला तेव्हा खाली ज्वारी होती आणि आज प्लॉटिंग आहे, तर आकडा कोण बदलणार?

छत्रपती संभाजीनगर शहरात हे समजून घ्यायला खाम नदीचा काठ पुरे. वर हर्सूलचा तलाव, खाली बेगमपुरा, पाणचक्की आणि पात्राला चिकटून वाढलेल्या वस्त्या. हा तलाव पिण्याच्या पाण्याचा, आणि त्याच्या पाळीबद्दल माझा काही आरोप नाही. पण तलाव आहे तिथेच राहिला आणि शहर त्याच्या खाली वाढत गेलं, हे इथे उघड दिसतं.

पाळ फुटल्यावर काय होतं, तेही आपण पाहिलंय. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. लघुपाटबंधाऱ्याचं, मातीचं, वीस वर्षांच्या आतबाहेरचं. विसाच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती.

जलसंधारण आयुक्तालय आपल्याच शहरात, वाल्मी या संस्थेच्या आवारात आहे. तिथून एक काम सुरू करता येईल: प्रत्येक तलावाखालच्या घरांची गावनिहाय यादी, दर पाच वर्षांनी नव्याने, ग्रामपंचायतीच्या फलकावर. तिच्याच खाली सांडवा कधी साफ केला ती तारीख आणि गढूळ पाझर दिसला तर रात्रीसुद्धा उचलला जाईल असा फोन नंबर.