डोळ्यात गेलंय? ‘दुखतंय किती’ हे विचारूच नका!

शनिवारची रात्र. पुण्यातल्या फ्लॅटवर पिझ्झा आलाय, मॅच रंगात आलीये आणि मोबाइल वाजतो. जालन्याहून धाकटा भाऊ. ‘‘दादा, दुपारी ट्रॉलीची पिन ठोकत होतो ना, डोळ्यात कायतरी उडालं. आता काही नाही, जरासंच खुपतंय. आई म्हणती गुलाबपाणी टाक. टाकू का?’’

तुम्ही काय सांगता? ‘‘जास्त दुखतंय का? नाही ना? मग झोप. सकाळी बघू.’’

बॉस, इथेच घोळ झाला! पायाला लागलं, दात ठणकला की आपण दुखण्यावरून अंदाज बांधतो. डोळ्याच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचा. पण त्यात मज्जातंतूंची इतकी गर्दी की कॉन्टॅक्ट लेन्स काढताना नखाचा ओरखडा बसला तरी माणूस कळवळतो. असा साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरूनही येतो. उलट, हातोडीच्या घावानं उडालेली पोलादाची बारीकशी कपची डोळा भेदून आत जाऊन बसते, बाहेरची जखम आपोआप मिटते आणि दुखतं जेमतेम. सुरुवातीला दिसतंही छान. पुढे एक-दोन दिवसांत आत जंतुसंसर्ग होऊ शकतो. तो टळला, तरी लोखंड आतल्या आत गंजत राहतं आणि काही महिन्यांनी नजर जाते.

म्हणून फंडा सिंपल आहे. ‘किती दुखतंय’ याऐवजी तीन प्रश्न विचारा. काय गेलं? किती वेगानं गेलं? आणि आता दिसतंय कसं?

लोखंडावर लोखंड

‘जालना, सोने का पालना’ ही म्हण जुनी. आज या पाळण्यात सोन्यापेक्षा पोलाद जास्त! एमआयडीसीत भंगार वितळतं, सळया बनतात. ग्राइंडर, गॅस कटर, वेल्डिंग हे इथलं रोजचं चित्र. पण हसू नका, रविवारी पडद्याचा रॉड लावायला भिंतीत ड्रिल मारणारे तुम्हीही याच रांगेत आहात.

नियम एकच. लोखंडावर लोखंड आपटताना किंवा मशीनवर काम करताना डोळ्यात काही जोरात उडालं, तर दुखो वा न दुखो, त्याच दिवशी, रात्र झाली असली तरी, डोळ्यांचे डॉक्टर गाठायचे. ‘कचरा गेला’ असं मोघम न सांगता ‘हातोडीनं ठोकताना उडालं’ असं नीट सांगा. त्या एका वाक्यावर पुढची तपासणी ठरते. एमआरआयची वेळ आली तर हे आधी सांगायलाच हवं, कारण तो चुंबक आतला कण हलवू शकतो.

डोळ्यात काही रुतलेलं दिसलं, बाहुली गोल न राहता ओढल्यासारखी वाटली किंवा डोळा फुटल्याची शंका आली, तर डोळा चोळू नका, धुऊ नका, थेंब टाकू नका आणि रुतलेलं काही उपसू नका. कागदी कपाचा तळ कापून तो डोळ्यावर न दाबता ठेवा, कपाळाला आणि गालाला चिकटपट्टी लावा आणि निघा. ऑपरेशन लागू शकतं, म्हणून वाटेत चहा-नाश्ताही नको.

साधी धूळ गेली असेल तर स्वच्छ पाण्यानं डोळा धुवा. तरीही खुपत राहिलं तर डॉक्टर. शेजारच्या मशीनवरचा दोस्त काडीनं किंवा पिनेनं कण काढून देत असेल, तर त्याला हात जोडा. आजही काही गावांत जिभेनं कचरा काढून देणाऱ्या मावशी भेटतात. माया खरी, पण तोंडातले जंतूही तितकेच खरे!

वेल्डिंगचा किस्सा वेगळाच. उघड्या डोळ्यांनी ठिणगी पाहिली की लगेच काही होत नाही, सहा ते बारा तासांनी, ऐन रात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखं होतं. बहुतेकदा एक-दोन दिवसांत बरं वाटतं. पण बधिर करणारे थेंब मागून आणून वारंवार टाकू नका. दुखणं थांबतं आणि कॉर्निया खराब होतो.

पऱ्हाटीचा फटका

दिवाळीला घरी गेलात, हौसेनं शेतात गेलात, आणि कापूस वेचताना पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागली. किंवा सोयाबीनच्या मळणीत भुसा उडाला, मोसंबीचा काटा घासला. अशा जखमेतून बुरशी आत जाते आणि खेळ लगेच नाही, काही दिवसांनी सुरू होतो. डोळा लाल, पाणी, उजेड सहन होत नाही, मग बुबुळावर पांढरा ठिपका. वेळेत उपचार झाले नाहीत तर त्याचंच पुढे ‘फूल’ होतं.

नेपाळमधल्या भक्तपूरच्या गावांत यावर एक सुंदर प्रयोग झाला, 2001 मध्ये तो प्रसिद्ध झाला. गावातल्याच स्वयंसेवकांनी कॉर्नियावर ओरखडा बसलेल्या लोकांना अँटिबायोटिक मलम लावलं. 18 तासांच्या आत मलम सुरू झालेल्यांपैकी एकाचीही जखम चिघळून अल्सर झाला नाही! म्हणजे लाखाचं मशीन नव्हे, घड्याळ महत्त्वाचं. आणि कुठलं मलम, हे डॉक्टरांनाच ठरवू द्या. मेडिकलवाल्यानं ‘लाली जाईल’ म्हणून दिलेल्या थेंबांत स्टेरॉइड असेल, तर लाली जाते आणि आतली बुरशी फोफावते. गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, आईचं दूध... यातलं काहीही नको.

चुना: आधी पाणी, मग डॉक्टर

इथे मात्र उलटं गणित. तंबाखूच्या चुन्याची पुडी फुटली, घराच्या कामात सिमेंट उडालं, बाथरूम साफ करताना अ‍ॅसिडचा शिंतोडा आला, तर गाडीची किल्ली शोधू नका. नळ शोधा! पापण्या उघड्या धरून किमान 15 ते 30 मिनिटं पाणी सोडत राहा. लेन्स असेल तर धुता धुताच काढा. पापणीखाली अडकलेले चुन्याचे कण धुऊन निघायला हवेत. चुना अल्कली आहे, तो आम्लापेक्षा खोलवर जाळत जातो. लिंबू पिळून ‘उतारा’ करायचा तर विचारही नको. धुऊन झालं की थेट हॉस्पिटल.

टर्फवरचे हिरो

ऑफिसनंतर बॉक्स क्रिकेट, बॅडमिंटन? शटलकॉक डोळ्याच्या खोबणीत अगदी फिट बसतं, तेच दुर्दैव. दक्षिण आफ्रिकेचा विकेटकीपर मार्क बाउचर आठवतोय? जुलै 2012, टाँटन, सराव सामना. उडालेली एवढीशी बेल डाव्या डोळ्याला लागली आणि दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय करिअर संपलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं.

मार बसल्यावर धूसर दिसणं, दोन-दोन दिसणं, बुबुळासमोर रक्त साचणं, विजा चमकणं, काळे ठिपके तरंगणं, बाजूनं पडदा सरकल्यासारखं वाटणं, यातलं काहीही झालं तर लगेच निघा. ठिपके आणि पडदा काही दिवसांनी आले तरीही! उलट, शिंकेनं किंवा खोकल्यानं पांढऱ्या भागात लाल डाग पडला, दुखत नाही, नीट दिसतंय, तर टेन्शन नको. एक-दोन आठवड्यांत तो जातो.

फ्रीजवर लावा

* याच मिनिटाला: रसायन गेलं (आधी धुवा), डोळा फुटला किंवा काही रुतलं, नजर कमी झाली, पडदा किंवा विजा दिसल्या.
* आजच: हातोडी, ग्राइंडर, ड्रिलनं उडालेलं काहीही, काडी-काटा-भुसा लागणं, लेन्स घालणाऱ्याचा लाल, दुखरा डोळा.
* एक रात्र थांबलं तरी चालेल: साधी धूळ, धुतल्यावर पूर्ण आराम, नजर पहिल्यासारखी.
* घरची टेस्ट: चांगला डोळा तळहातानं झाका, न दाबता. दुखऱ्या डोळ्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरच्या तारखा वाचा. मग अदलाबदल. फरक पडला की निघा.

जालनाकरांना एक मोठी सोय आहे. शहरातच श्री गणपती नेत्रालय आहे, जिल्हा रुग्णालय आहे. अंबड-भोकरदनहून निघायला वाहन नसेल तर 108 आहे. अडतं ते बहुतेकदा ‘सकाळी बघू’ या दोन शब्दांवर.

तर पुन्हा त्या फोनकडे. मॅच म्यूट करा. ‘‘गुलाबपाणी टाकू नको. चोळू नको. काही खाऊ नको. आईला सांग, मी सांगितलंय म्हणून. आणि आत्ता निघ, गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू दे.’’

‘‘अरे पण दादा, दुखत नाहीये फारसं...’’

‘‘म्हणूनच निघ!’’