पालकांची पाळी

सहकार म्हटला कीं पतपेढी, धान्याचें दुकान किंवा घरबांधणी संस्था एवढ्याच गोष्टी सामान्यतः मनांत येतात. तीन-चार वर्षांच्या मुलांची शाळाही सहकारी असूं शकते, ही गोष्ट पुष्कळांच्या कानांवर आलेली नसते. अशा शाळेचे चालक पालकच असतात; शिक्षिकेस तेच नेमतात आणि ठरलेल्या दिवशीं तिच्या हाताखालीं मदतनीस म्हणून तेच उभे राहतात. फी हलकी असते. परंतु तिचा उरलेला भाग वेळाच्या रूपानें द्यावा लागतो.

अमेरिकेंत शिकागो विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या १२ पत्नींनीं १९१६ सालीं असा वर्ग काढला. मुलांस सवंगडी मिळावे, स्वतःस बालसंगोपनाचें ज्ञान व्हावें आणि महायुद्धाच्या त्या दिवसांत रेडक्रॉसच्या कामासाठीं थोडी सवड व्हावी, असे त्यांचे हेतु होते. न्यूझीलंडमध्यें १९४१ सालीं, दुसऱ्या महायुद्धांत, वेलिंग्टन शहरीं ‘प्लेसेंटर’ निघालें. पुरुष आघाडीवर गेलेले आणि घरीं लहान मुलांसह एकटी आई, अशी तेव्हांची स्थिति. १९४८ सालीं या केंद्रांचा राष्ट्रीय संघ झाला व ग्वेन सॉमरसेट या अनुभवी शिक्षिका त्याच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. मुलांच्या खेळाइतकेंच पालकांच्या शिक्षणासही तेथें महत्त्व आलें.

पाळीचा हिशेब साधा आहे. समजा, २० कुटुंबें आहेत, शाळा आठवड्यांतून ५ दिवस भरते आणि शिक्षिकेबरोबर रोज २ पालक हवेत. आठवड्याच्या १० पाळ्या झाल्या. म्हणजे प्रत्येक कुटुंबाकडे पंधरवड्यांतून एक सकाळ आली. ऐकावयास हें कांहींच नाहीं. पण जागा झाडणें, रंगाचे ब्रश धुणें, मोडकीं खेळणीं दुरुस्त करणें, जमाखर्च ठेवणें आणि सभांना बसणें हें त्याशिवाय असतें. शिवाय पाळी चुकविणारा एक आणि सोसणारे दुसरे! दोन माणसांच्या जागीं एकच उरलें म्हणजे रंगकाम बंद ठेवावें लागतें आणि वाळूच्या हौदाकडे पाहावयास कोणी नसतें. (ती वाळू घरोघरीं किती पोहोंचते, हें मातांनाच विचारावें.) म्हणून ज्यास येतां येत नाहीं त्यानें स्वतःच बदली शोधावी, असा नियम पुष्कळ शाळा करतात. आयत्या वेळीं आलेली चिठ्ठी ही बदली नव्हे.

नव्या पालकास सर्वांत जड जातें तें मात्र निराळेंच. आईची पाळी असते त्याच दिवशीं तिचें मूल पुष्कळदा अधिक हट्ट करतें. तिनें दुसऱ्याच्या मुलास मांडीवर घेतलें कीं रडूं लागतें. म्हणून ज्याच्या मुलाचें भांडण असेल त्यानें तें सोडवावयास जाऊं नये, दुसऱ्या पालकानें जावें, हें बरें. आई मग न्यायाधीशही होत नाहीं आणि वकीलही होत नाहीं. आणि वीस मुलें रोज चिखलांत लोळतात, खेळणीं हिसकावतात, हें डोळ्यांनीं पाहिलें म्हणजे आपलेंच मूल जगावेगळें द्वाड आहे ही भीति जाते. पुस्तकें वाचून ती इतक्या लौकर जात नाहीं.

खरा पेंच पैशाचा आहे. कित्येक शाळा जास्त फी घेऊन पाळींतून सूट देतात. हें न्याय्यच वाटतें. कारण नोकरीवर जाणाऱ्या आईबापांची सकाळ त्यांची नसतेच. परंतु सूट स्वस्त झाली कीं पैसेवालीं कुटुंबें एकेक करून बाजूस होतात. निम्मीं गेलीं कीं राहिलेल्यांची पाळी पंधरवड्याऐवजीं आठवड्यावर येते, आणि मग तींही सूट मागूं लागतात. अखेर पगारी मदतनीस ठेवावा लागतो, फी चढते आणि ‘सहकारी’ हा शब्द पाटीवर तेवढा उरतो. उलट, सूट मुळींच नाहीं म्हटलें तर ज्यांस रोजगार बुडवितां येत नाहीं त्यांस दार बंद होतें. शनिवारची दुरुस्ती किंवा रात्रीचा जमाखर्च पाळीच्या बरोबरीचा मानणें, हा त्यांतल्या त्यांत बरा मार्ग. मात्र मुलांचा सहवास, जो या खटाटोपाचा गाभा, तो त्यांत हुकतो.

न्यूझीलंडलाही हा पेंच चुकला नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत माता अधिकाधिक नोकरीवर जाऊं लागल्या, तसतशी या केंद्रांची संख्या घटत गेली. तरीही पुष्कळ केंद्रें आज चालू आहेत, आणि आईबापांस सवड नसेल तेथें एखादी आजी किंवा आजोबा पाळीवर येतात.