मागें सरणारा समुद्र

समुद्रकांठ म्हटला म्हणजे लाटांचा गजर आणि फेंसाच्या राशी डोळ्यांपुढें उभ्या राहतात. कोंकणांत वाढलेल्या मनुष्यास तर समुद्र सदैव हांकेच्या अंतरावर असावयाचा, अशीच संवय असते. परंतु ओडिशांतील चांदीपूर येथें ही समजूत पार उलटी होते. ओहोटी लागली कीं तेथील समुद्र मागें मागें सरत पांच किलोमीटरपर्यंत जातो आणि नजरेआड होतो. जेथें सकाळीं होड्या तरंगत होत्या, तेथें दुपारीं मुलें धांवतांना दिसतात. हा प्रकार दिवसांतून दोनदां घडतो.

हावडा–चेन्नई लोहमार्गावरील बालेश्वर स्थानकापासून चांदीपूर सुमारें १६ किलोमीटर आहे. मराठी माणसास हा मुलूख अगदींच परका नव्हे. १७५१ पासून १८०३ पर्यंत येथें नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुरीसारखी यात्रेकरूंची दाटी येथें नाहीं. कांठावर सुरूचीं झाडें, पुढें ओलसर पुळण आणि तीवर तांबड्या खेकड्यांची लगबग, एवढाच काय तो देखावा.

समुद्राच्या या माघारीचें कारण चमत्काराचें नव्हे, गणिताचें आहे. येथील सागरतळाचा उतार फार मंद आहे. समजा, हजार हातांमागें एकच हात उतार असेल, तर पाणी सहा हात उतरतांच सहा हजार हात भूमि उघडी पडेल. उभ्या कड्याशीं तेंच पाणी तितकेंच उतरलें, तर खडकावरील ओल्या पट्ट्यापलीकडे कांहींच दिसणार नाहीं. या सपाटीमुळेंच ब्रिटिश अमदानींत तोफांच्या चांचणीसाठीं ही जागा पसंत पडली; समुद्रांत पडलेले गोळे ओहोटींत शोधून काढतां येत. संरक्षण खात्याचें चांचणीक्षेत्र येथें आजहि आहे.

येथें जाणाऱ्यानें पंचांग पाहून निघावें, आणि तें शकुनासाठीं नव्हे! पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असतें. तेव्हां पाणी कांठाशीं अधिक चढतें आणि ओहोटींत अधिक दूर जातें. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती असते. तेव्हां हा चढउतार बेताचा असतो. भरती-ओहोटीची वेळ रोज सुमारें पन्नास मिनिटांनीं, म्हणजे आपल्या हिशेबानें दोन घटकांनीं, पुढें जाते. त्या दिवसाची वेळ स्थानिक कोळ्यांस विचारून घ्यावी आणि पाणी पुरतें उतरण्यापूर्वींच परतीची वाट धरावी. कारण सपाट किनाऱ्यावर भरती गाजावाजा करीत येत नाहीं. ती आधीं सखल चरांतून शिरते, आणि चालणाऱ्याचें लक्ष पुढें असतांना त्याच्या मागें पाणी भरलेलें असतें.

उघडा पडलेला हा तळ ओसाड मात्र नसतो. घोड्याच्या नालासारखें कवच आणि तलवारीसारखी शेंपटी असलेला एक विलक्षण प्राणी या किनाऱ्यावर आढळतो. लोक त्यास खेकडा म्हणतात. पण त्याचें खरें नातें कोळी व विंचू यांच्याशीं आहे. त्याचें कुळ ४० कोटि वर्षांहून जुनें आहे. त्याच्या रक्तांत तांबें असल्यामुळें तें निळें दिसतें. या कुळांतील प्राण्याच्या रक्तापासून केलेल्या परीक्षेस १९७७ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. टोंचण्याच्या औषधांत जंतुजन्य विष आहे कीं नाहीं, हें तिनें कळतें. आपल्या घरांतील बालकास टोंचलेली लस निर्दोष ठरविण्यांत या मुक्या जीवाचा वांटा असूं शकतो!

त्याची मादी उधाणाच्या पाण्याबरोबर कांठाशीं येऊन वाळूंत अंडीं घालते. जाळ्यांत गुंतून आणि अंडीं घालण्याची वाळू नाहींशी होऊन या प्राण्याची संख्या घटत आहे. कायद्यानें त्यास अभय दिलें आहे. परंतु कायदा पुळणीवर प्रत्येक पावलागणिक उभा राहूं शकत नाहीं. तेव्हां मुलांबरोबर जाणाऱ्या आजोबांनीं किंवा आत्याबाईंनीं एवढें शिकवावें: उताणा पडलेला असा जीव दिसला, तर शेंपटी न ओढतां कवचाच्या कडेस धरून त्यास हलकेंच पालथा करावा. शिंपले पाहावे, पण पिशव्या भरूं नयेत.

यजमान बाहेर गेले असतां त्यांच्या घरांत पाहुण्यानें जसें वागावें, तसेंच या पुळणीवर वागावें. घरधनी परत येणार आहे, आणि त्याची वेळ ठरलेली आहे.