आजोळच्या आडनावालाही जागा हवी

बारामती-इंदापूर पट्ट्यात लग्न जमवताना स्थळाची जी माहिती हातोहाती फिरते, तिच्यात शिक्षण, उंची, शेती या ओळींखाली एक ओळ हमखास असते : नातेसंबंध. तिच्यापुढे आडनावांची रांग. काकडे, तावरे, देवकाते, जाचक, सातव, गावडे. मामाचं नाव-गाव तर स्वतंत्र ओळीत. सोयरीक जुळवणाऱ्या जाणत्या माणसाला मुलाचं आजोळ कळलं की निम्मं घराणं कळतं. पण हाच मुलगा सही करतो, तेव्हा आजोळच्या आडनावाचं एक अक्षरही तिच्यात नसतं.

आईच्या माहेरचं आडनाव बाळाच्या नावात मधे घालता येईल का, असा विचार करणाऱ्या जोडप्यांना म्हणूनच मला मनापासून पाठिंबा द्यावासा वाटतो. पवार, शिंदे, भोसले ही आडनावं राज्यभर आहेत, ती कुठे जात नाहीत. काही आडनावं मात्र एखाद्या तालुक्यातच एकवटलेली असतात. इंदापूर तालुक्यातल्या जाचकवस्ती, भरणेवाडी या गावांच्या नावांतच तिथली आडनावं आहेत. अशा घरात नुसत्या मुलीच असल्या, तर त्या घरापुरतं ते आडनाव एका पिढीत संपतं.

अडचण अशी, की आपल्याकडे मधली जागा मोकळी नाही. तिथे वडील असतात. ‘कुणाचा रे तू?’ या प्रश्नाचं उत्तर मराठी माणसाच्या नावातच असतं. इंग्रजी वळणाच्या नावांत मधल्या जागेला असं बंधन नाही, म्हणून तिथे आईचं माहेर सहज सामावतं. इंग्लंडमध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वे उभारणाऱ्या इंजिनिअरचं नाव इसंबार्ड किंग्डम ब्रुनेल. त्यातलं ‘किंग्डम’ हे त्याच्या आईचं, सोफियाचं, माहेरचं आडनाव. जॉन फिट्झगेराल्ड केनेडी यांचं मधलं नावही आईच्या माहेरचंच. स्पॅनिश रीतीत तर दोन्ही आडनावं चालतात : गॅब्रिएल गार्सिया मार्केस यांत ‘गार्सिया’ वडिलांकडचं, ‘मार्केस’ आईकडचं.

हे परक्यांचं अनुकरण वाटत असेल, तर आपल्याच डोंगरांतल्या लेण्यांकडे पाहावं. सातवाहन राजे आपल्या नावाआधी आईच्या कुळाची ओळख लावत. गौतमीपुत्र सातकर्णी म्हणजे गौतम गोत्राच्या मातेचा मुलगा. त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी. त्याच्या काळातले लेख पुणे जिल्ह्यात कार्ल्याच्या लेण्यात आहेत. नाशिकच्या पांडवलेण्यात पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातला प्रसिद्ध लेख आहे. तो कोरवून घेतला त्याच्या आजीने, गौतमी बलश्रीने. राज्य बापाकडून मुलाकडे जात होतं, तरी आईचं कुळ नावात मिरवण्यात त्या राजांना कमीपणा वाटत नव्हता. पुढे ही रीत मोडली आणि आई नावातून बाहेर पडली.

तिला परत आणणारं पाऊल राज्य मंत्रिमंडळाने ११ मार्च २०२४ रोजी टाकलं. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाचं नाव सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव याच क्रमाने लिहायचं, असं ठरलं. त्याच सुमारास मंत्रालयात तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या दालनाबाहेर ‘अजित आशाताई अनंतराव पवार’ अशी पाटी लागली. बारामतीकरांनी आपल्या आमदाराच्या नावात त्यांच्या मातोश्री पहिल्यांदाच अशा पाहिल्या.

तरीही आईचं फक्त नाव आलं, माहेर बाहेरच राहिलं. बारामतीच्या याच घराण्यात शारदाबाई पवार माहेरच्या भोसले. १९३८ मध्ये त्या पुणे जिल्हा लोकल बोर्डावर निवडून आल्या. त्यांच्या सूनबाई प्रतिभाताई या भारतासाठी सात कसोटी सामने खेळलेले लेगस्पिनर सदू शिंदे यांच्या कन्या. इतक्या नामवंत घराण्यातही ही माहेरं चरित्रांतून शोधावी लागतात. सामान्य घरातल्या आईचं माहेर कोण शोधणार?

आता व्यवहाराचं. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं आणि जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथेच होते, त्यामुळे दाखल्यावर आजोळचं गाव कित्येकदा आलेलंच असतं. नोंद २१ दिवसांत करायची असते. बारसं बाराव्या दिवशी, आत्या कानात कुर्रर्र करून नाव सांगते. नाव ठरलं नसेल, तर बिननावाची नोंद करून पुढे बारा महिन्यांत नाव विनाशुल्क घालता येतं. म्हणून घाई नको.

समजा, बाळ ओजस, आई स्नेहल, वडील नितीन, आडनाव शिंदे आणि आजोळ जाचकांचं. नियमाचा क्रम ‘ओजस स्नेहल नितीन शिंदे’. तो मोडू नये. माझ्या मते ‘जाचक’ वडिलांच्या नावानंतर, शिंद्यांच्या अलीकडे यावं. मग वडिलांचं नाव कोणतं, हा गोंधळ होत नाही. ते तसं नोंदवता येईल का, हे अर्ज भरण्याआधीच ग्रामपंचायतीत किंवा नगरपरिषदेत विचारून घ्यावं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेश, मतदारयादी, पासपोर्ट, नोकरी यांसाठी जन्मदाखलाच मूळ पुरावा आहे. पासपोर्टवर नावाच्या दोनच चौकटी असतात, पॅनकार्डाच्या अर्जात तीन. दाखला, आधार आणि शाळेचं रजिस्टर यांत काना-मात्रेचाही फरक राहिला, तर जात पडताळणीच्या वेळी हेलपाटे ठरलेले. तिथे पुरावे वडिलांकडच्या नातलगांचे लागतात, म्हणून वडिलांचं नाव आणि आडनाव स्पष्ट वेगळं ओळखू आलंच पाहिजे.

आडनावातून जात कळते, मग दुसरं आडनाव कशाला वाढवायचं, असा आक्षेप येतो. तो मला खरा वाटतो. पण आंतरजातीय विवाह केलेल्या घरात दोन्ही आडनावं एका मुलाच्या नावात शेजारी बसली, तर ती सोयरीक लपवायची नाही, असं ते घर उघड सांगतं. जातीच्या भिंतीला हा चांगला धक्का आहे.

मुलाच्या नावात हे आडनाव टिकतं, कारण लग्नाने त्याचं नाव बदलत नाही. मुलीचं मात्र मधलं नाव आणि आडनाव दोन्ही बदलण्याचा प्रघात आहे. तो कायदा नव्हे. नाव बदलायचं की नाही, हे तिने ठरवायचं. त्यामुळे आजोळचं आडनाव लेकाला द्यायचं ठरलं, तर लेकीलाही द्यावं, आणि सासरी जाताना ते टाकून दे असं तिला कुणी सांगू नये. एवढं पाळलं, तर घरात नुसत्या मुली आहेत म्हणून कोणतंही आडनाव संपणार नाही.